लोकलमध्ये मोबाइल स्पीकरवर लावणाऱ्यांना टोकायचं की सोडून द्यायचं?

चौथीसीट
डोंबिवली ते सीएसएमटी, सकाळची फास्ट. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, गेली अकरा वर्षं. गर्दी, धक्के, पावसात रखडणं, सगळं अंगवळणी पडलं. एक गोष्ट मात्र पडत नाही: दुसऱ्याच्या फोनचा स्पीकर.

परवा मंगळवारी समोरच्या खिडकीतल्या बाईंनी रील लावलं होतं. कुणीतरी धप्पकन पडतं आणि मागे हशा. ठाण्याला त्यांचा डोळा लागला, फोन मांडीवर तसाच चालू. रील संपलं की आपोआप पुन्हा सुरू. घाटकोपरपर्यंत तोच धप्प, तोच हशा. शेवटी त्यांच्या गुडघ्याला हात लावून म्हटलं, "ताई, आवाज जरा कमी करता?" त्या दचकल्या, आवाज बंद केला आणि शेजारणीला म्हणाल्या, "एवढं असेल तर फर्स्ट क्लासने जावं." आजूबाजूच्या हसल्या. त्यातल्याच दोघी पाच मिनिटांपूर्वी त्या फोनकडे बघून कपाळाला आठ्या घालत होत्या. माझ्या बाजूने एकीनेही तोंड उघडलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. तो सव्वा तास घर आणि ऑफिसच्या मधला माझा एकटीचा वेळ आहे. कुणी त्यात झोपतं, कुणी जप करतं, कुणी भाजी निवडतं. या कशाचाही त्रास शेजारणीला होत नाही. स्पीकरचा होतो. आणि टोकणारीच भांडखोर ठरते, याचा मला जास्त राग येतो.

रातपाळी
मी आसनगावहून येतो. घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत चौदा तास. त्यात माझी करमणूक म्हणजे फोनवरची क्रिकेटची मॅच, बस. हेडफोनचं म्हणाल तर वायरवाले दोन घेतले. एक कुर्ल्याला चढणाऱ्यांच्या बॅगेत अडकून तुटला, दुसरा उतरताना. बिनवायरीचा एक कानातून निसटून दारातून रुळांवर गेला. दर दोन महिन्यांनी नवा घ्यायला परवडत नाही. लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात, त्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं नावच आहे. जिथे दुसऱ्याचा घाम आपल्या शर्टाला लागतो, तिथे आवाजाचं एवढं काय घेऊन बसलात?

चौथीसीट
घाम कुणी मुद्दाम लावत नाही, दादा. आवाजाचं बटण तुमच्या अंगठ्याखाली आहे. मॅच बघा की, धावफलक आवाज बंद करूनही दिसतो.

योकोहामाची_मधुरा
आम्ही सहा वर्षं जपानमध्ये आहोत. इथे फोन 'मॅनर मोड'वर, म्हणजे आवाज बंद करून ठेवा, डब्यात फोनवर बोलू नका, अशी घोषणा होते. सकाळची गर्दी इथेही अंगावर येते, पण डब्यात चिडीचूप. सुट्टीत आले की दादर स्टेशनवर पाय ठेवताच डोकं दुखायला लागतं.

मृदंग
मधुराताई, तुमच्या चिडीचूप डब्यात मला सव्वा तास बसवणार नाही. आमच्या गाडीत भजनी मंडळ आहे. टाळ असतात, नसले तर डब्याच्या पत्र्यावर थाप. दसऱ्याला आम्ही डब्याला तोरण बांधतो, पूजा करतो. बायपास झालेल्या एका सोबत्याला तीन महिन्यांनी परत डब्यात घेतलं तेव्हा अख्खा डबा रडला होता. लोकल म्हणजे आवाज असणारच. आज स्पीकर बंद करा म्हणणारे उद्या आमचे टाळ बंद करायला सांगतील.

सायली_क
काका, मी ते सांगतेच. तुमच्या भजनाबद्दल मनात आदर आहे, पण सीएची परीक्षा तोंडावर असताना महिनाभर मी अशाच एका डब्याला लागून बसायचे. पत्र्यावरची थाप पार्टिशनमधून थेट पाठीत यायची. विनंती केली तर "देवाचं नाव आहे, बाळा" म्हणून गप्प केलं. रील लावणाऱ्याला निदान टोकता तरी येतं.

चौथीसीट
मृदंगकाका, तरी मी दोन्ही एकाच मापाने मोजत नाही. भजनाचा डबा ठरलेला असतो, गाडी ठरलेली असते. नको असेल तो पुढच्या डब्यात चढतो, आणि तुम्ही सगळे मिळून गाता. स्पीकरवालीचं तसं नाही. ती एकटी ऐकते आणि चाळीस जणींना ऐकवते. पण सायलीचंही खरं आहे. ज्यांना डबा बदलणं जमत नाही त्यांनी सांगितलं तर थाप हलकी करायला हवी.

कलम१४५
नियमांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. बेस्टने २०२३ च्या एप्रिलमध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय गाणी-व्हिडिओ लावायला आणि फोनवर मोठ्याने बोलायला बंदी केली. रेल्वेने २०२२ च्या जानेवारीत रात्री दहानंतर मोठ्याने बोलणं आणि इअरफोनशिवाय गाणी लावणं याविरुद्ध सूचना काढल्या, पण त्या मुख्यतः लांब पल्ल्याच्या गाड्यांतल्या झोपणाऱ्यांसाठी. सकाळच्या लोकलला त्यांचा उपयोग नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४५ मध्ये उपद्रव करणाऱ्याला डब्यातून उतरवण्याची तरतूद आहे. पण रीलसाठी कुणी साखळी ओढावी असं मी म्हणणार नाही, पाचशे लोकांचा लेटमार्क होईल. बसमध्ये कंडक्टर असतो, तो सांगतो. लोकलच्या डब्यात सांगणारं कुणी नसतं, म्हणून आपल्यालाच टोकावं लागतं.

आईची_लेक
टोकण्याआधी एक ऐका. माझी आई ७४ वर्षांची आहे, दोन्ही कानांना मशीन. फोन कानाला लावला की मशीन शिट्टी मारतं, म्हणून ती फोन हातभर लांब धरून स्पीकरवर बोलते. महिन्यातून दोनदा आम्ही तपासणीसाठी परळला जातो. मागच्या खेपेला एका मुलीने तिला सगळ्यांदेखत सुनावलं, "आजी, हे तुमचं घर नाही." आईने फोन पर्समध्ये टाकला. भाऊ पलीकडून हॅलो हॅलो करत राहिला. तेव्हापासून ती गाडीत फोनच उचलत नाही, आणि कधी एकटी निघाली तर ती पोचली की नाही हे कळेपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो.

दृष्टिहीन प्रवाशांचे फोनही बोलतात. पडद्यावर काय आहे ते वाचून दाखवतात. त्यांनी दोन्ही कानांत बोळे घातले तर स्टेशन कुठलं आलं, कोण अंगावर येतंय, हे कसं कळायचं? स्पीकर म्हटला की सगळेच बेशिस्त असं धरून चालू नका.

सायली_क
रात्री साडेदहानंतर लेडीज डब्यात तीन-चारच जणी असतात तेव्हा मीही एकच कान बंद ठेवते. मागे कोण चढलं ते ऐकू यायलाच हवं.

मृदंग
आईची_लेक, वाचून वाईट वाटलं. आमच्या डब्यात असं झालं असतं तर त्या मुलीला आम्ही बोललो असतो.

रातपाळी
हेच तर मी म्हणतोय. समोरच्याचं काय चाललंय ते माहीत नसताना टोकायचं कशाला?

चौथीसीट
रातपाळीदादा, आजींचं कारण तुमच्या मॅचला लावू नका. त्यांना स्पीकरशिवाय ऐकूच येत नाही, तुम्हाला येतं.

पण आईची_लेक, तुमचं लिहिणं वाचून मी बराच वेळ थांबले. ती मुलगी मी नव्हते, पण असू शकले असते. मागच्या वर्षी एका म्हाताऱ्या बाईंना मी तसंच तोडून बोलले होते. त्यांच्या कानात मशीन होतं की नाही ते मी बघितलंसुद्धा नव्हतं. तेव्हा मला फक्त आवाज ऐकू येत होता. आता आधी कानाकडे बघेन, मग बोलेन, आणि बोलायचं झालं तर चारचौघींना ऐकू जाईल असं नाही, जवळ जाऊन बोलेन. रील आणि मालिका लावणाऱ्यांना मात्र सांगत राहणार.

रातपाळी
जवळ येऊन सांगितलंत तर मी आवाज कमी करीन. मागे एकाने लांबून ओरडून सांगितलं होतं, "ए, बंद कर." त्या दिवशी मी मुद्दाम वाढवला होता. शेवटची षटकं असतील तर अगदी बंद होणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

आईची_लेक
येत्या गुरुवारी आईला घेऊन परळला जायचंय. या वेळी ती मागेल तेव्हा फोन मीच तिच्या हातात देणार आहे, आणि शेजारच्या बायकांना आधीच सांगणार आहे की हिच्या कानाला मशीन आहे, दोन मिनिटं सांभाळून घ्या.

चौथीसीट
कितीच्या गाडीने जाताय? माझी असेल तर त्याच डब्यात चढेन. आजूबाजूच्या बायकांना मी सांगते.