नर्सिंगच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात का?

कोयनाकाठ

परवा संध्याकाळी पोळ्या लाटत होते तेव्हा कॉलेजचा ईमेल आला. अर्ज पात्र होता, सोडतीत नाव निघालं नाही. ही तिसरी वेळ.

ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांची, स्वस्त सरकारी कॉलेजं) एडीएन म्हणजे नर्सिंगची दोन वर्षांची असोसिएट डिग्री मिळते. ती करून एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा पास झालं की आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स. चार वर्षांचं बीएसएन, म्हणजे नर्सिंगची पूर्ण पदवी, करणाऱ्यांना जे लायसन्स मिळतं तेच हे. फी युनिटमागे 46 डॉलर, म्हणजे सगळी मिळून 70 युनिटं धरली तरी 3,220 डॉलर. साहजिकच झुंबड उडते. आमच्या कॉलेजात जागा 40, अर्ज काही शे.

माझं बी.कॉम. कराडचं. दहावीनंतर शास्त्राच्या पुस्तकाला हात लावलेला नव्हता. पस्तिशी उलटल्यावर अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी लॅबसकट केलं, शिवाय स्टॅट्स, सायकॉलॉजी, इंग्रजी. अ‍ॅनाटॉमीच्या प्रॅक्टिकलला टेबलांवर हाडं मांडून ठेवतात. प्रत्येकावर एक रंगीत ठिपका. घंटा वाजली की पुढच्या टेबलावर जायचं, एका हाडाला एक मिनिट. ठिपका कशावर आहे ते लिहायचं, हाड उजवं की डावं तेही लिहायचं, आणि स्पेलिंग चुकलं की गुण गेला. मी रात्री पोरं झोपली की स्वतःच्याच खांद्यावर, कोपरावर, मनगटावर बोट फिरवत नावं घोकायची. सगळ्या विषयांत ए आहे. टीस या नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत 88 टक्के आले. इथल्या कम्युनिटी कॉलेजांना टीसची रेघ 62 ची.

आणि निवड कशी, तर रेघेच्या वर आलेल्या सगळ्यांची नावं एकत्र आणि त्यातून सोडत. 62 वाला नि 88 वाला एकाच मापात. दुसरं म्हणजे आमच्याकडे शास्त्राचे विषय सात वर्षांत शिळे होतात. माझी त्यातली चार गेली. आणखी तीन सोडती हुकल्या तर फिजिऑलॉजी परत करावी लागेल, ज्यात मला ए आहे!

माझं मत सरळ आहे. ज्या कामात चुकीच्या डोसने माणूस दगावतो, त्याच्या शिक्षणाला सोडतीने प्रवेश देऊ नये. गुणवत्ता यादी लावा. त्यात मी बसले नाही तर मी मुकाट्याने बाजूला होईन.

रातपाळी

ताई, तिसऱ्यांदा नाही म्हणून आलं याचं फार वाईट वाटलं. पण तुमच्या मताला माझा पूर्ण विरोध आहे, कारण मी त्याच सोडतीतून आत आलेली आहे.

तेव्हा मी नर्सिंग होममध्ये सीएनए, म्हणजे नर्सच्या हाताखालची मदतनीस होते. रात्री अकरा ते सकाळी सात कुशी बदलणं, डायपर, आंघोळी, आणि तिथून तशीच आठच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबला. धाकटी सहा महिन्यांची होती. मायक्रोत बी आला आणि फिजिऑलॉजीतही बी. सोडतीऐवजी पॉइंट लावून निवड करणाऱ्या दोन कॉलेजांनी मला विचारलंसुद्धा नाही, कारण तिथे कट-ऑफला सगळेच 4.0, म्हणजे सगळे ए घेऊन उभे. सोडतीच्या कॉलेजात नाव निघालं. एनक्लेक्स पहिल्या प्रयत्नात पास झाले. आज सात वर्षं मेड-सर्ज म्हणजे मेडिकल-सर्जिकल वॉर्डला आहे, पाच पेशंट असतात.

बी आला म्हणजे डोस चुकणार, असं नसतं. डोस चुकतो तो घाईत, किंवा लाजेपायी न विचारल्याने. तुमच्या त्या ठिपक्यांच्या परीक्षेत हे मोजलं जात नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या मजल्यावर साताऱ्याकडचे एक आजोबा होते, मुलाकडे आलेले असताना पडले, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. दिवसाच्या नर्सने दुखणं शून्य ते दहात किती म्हणून विचारलं, ते "ओके, ओके" म्हणत राहिले, चार्टवर दोन लिहिलं गेलं. मी रात्री गेले आणि विचारलं, "बाबा, ठणकतंय का कळ येतीय?" म्हणाले, "ऑपरेशनचं ठणकतंय ते सोसतो गं, पण पोटरीत धरल्यासारखं झालंय अन् तिथं आग होतीय." पोटरी पाहिली तर गरम आणि सुजलेली. डॉक्टरांना बोलावलं, डॉपलर सोनोग्राफी झाली, रक्ताची गाठ निघाली. त्या रात्री माझा मायक्रोचा बी कुठेच आडवा आला नाही.

सदाफुली

मी एका कम्युनिटी कॉलेजात नर्सिंग शिकवते. दोघींचं वाचलं. मी कोयनाकाठ यांच्या बाजूची आहे, पण कारण वेगळं.

आधी एक समजून घ्या, सोडत ही कोणाची लहर नव्हे. खुला प्रवेश हे कम्युनिटी कॉलेजचं मूळ तत्त्व. जागा कमी पडल्या तर आधी येईल त्याला द्या किंवा चिठ्ठ्या टाका, पण माणसाला तोलू नका, असा तो विचार. पुढे नर्सिंगपुरती कायद्याने मोकळीक मिळाली. राज्याच्या एज्युकेशन कोडच्या 78261.5 कलमात अनेक निकष लावून निवड करायची पद्धत आहे. कॉलेज ती वापरू शकतं, सोडत काढू शकतं किंवा दोन्ही मिसळू शकतं.

मला सोडत का नको, ते सांगते. पहिल्या सेमिस्टरला औषधाच्या हिशेबात किंवा क्लिनिकलला, म्हणजे वॉर्डातल्या प्रशिक्षणात, मुलं गळतात. गळलेली जागा सहसा रिकामीच राहते, कारण मधूनच कोणाला बसवता येत नाही, फारतर एलव्हीएन (आरएनच्या खालचं नर्सिंगचं लायसन्स) असलेली एखादी मुलगी पुढच्या वर्गात घेता येते. म्हणजे चाळीसातून सहा गेले तर त्या सहा जागा कोणाच्याच उपयोगाला आल्या नाहीत. शास्त्राचे विषय एका दमात झालेली, टीसला चांगले गुण असलेली मुलं कमी गळतात, हे मी वर्गात पाहते.

आणि जागा वाढवा म्हणणाऱ्यांना सांगते, आमच्या हातात ते फार थोडं आहे. वॉर्डात एका शिक्षिकेमागे दहाच्या आसपास मुलं नेता येतात. शिक्षिकेला नर्सिंगमधली मास्टर्स लागते, आणि तीच बाई बेडसाइडला उभी राहिली तर माझ्यापेक्षा जास्त कमावते. त्यातून हॉस्पिटलचे वॉर्ड तेवढेच, तिथे विद्यापीठांची मुलंही येतात. विद्यार्थीसंख्येला राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी लागते ती वेगळीच.

रत्नागिरीकर स्टॉकटन

नमस्कार. मी शिकलेला माणूस नाही, दहावीपर्यंत. मोटेलमध्ये खोल्या साफ केल्या, आता दुकान सांभाळतो. माझी मोठी मुलगी नर्सिंगला अर्ज करते आहे, म्हणून वाचतो.

कोयनाकाठ ताई, राग मानू नका. गुणवत्ता यादी म्हणता, पण पॉइंटच्या तक्त्यात आधीची डिग्री असली की त्याचेही गुण असतात. मग तुमच्या बी.कॉम.ला गुण आणि माझ्या मुलीला तिथे शून्य. ती आठवड्याला पंचवीस तास दुकानात उभी राहून शिकली. कम्युनिटी कॉलेज हे अशा पोरांसाठीच होतं ना? ज्यांच्याकडे एक डिग्री आहे, घरी पगार येतो, ते पुन्हा तिथेच रांगेत येतात आणि पुढे जातात. सोडतीत निदान तिचं नाव तुमच्या नावाइतकंच मोठं असतं.

सदाफुली

दादा, त्याच तक्त्यात घरातलं पहिलं कॉलेजात जाणारं मूल, कमी उत्पन्न, शिकताना नोकरी करावी लागणं, यांचेही गुण धरायची तरतूद आहे. मुलीला ते रकाने भरायला सांगा आणि पगाराच्या स्लिपा जोडा. दरवर्षी कित्येक मुलं संकोचाने ते कोरे सोडतात. आपल्या मुलांना तर घरचं बाहेर सांगायचं नाही अशीच सवय असते.

एडिसनची पायरी

तुम्ही सगळे चुकीच्या दारात उभे आहात असं मला वाटतं. एडीएनसाठी तीन-चार वर्षं सोडतीत घालवायची, आणि मग मोठी हॉस्पिटलं बीएसएन मागतात. 2010 साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2020 पर्यंत 80 टक्के नर्स बीएसएन असाव्यात असं सुचवलं, तेव्हापासून कल तोच आहे. आमच्या न्यू जर्सीच्या शेजारी न्यूयॉर्कने तर डिसेंबर 2017 मध्ये कायदाच केला, नव्या आरएनने दहा वर्षांत बीएसएन करायचं. मग आधीच का नाही? ज्यांच्याकडे दुसऱ्या विषयातली पदवी आहे त्यांच्यासाठी दीड वर्षांच्या आतबाहेरचे अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन असतात. कर्ज होईल, पण पगार तीन वर्षं आधी सुरू होईल. तो हिशेब कोणी मांडत नाही.

रातपाळी

मी मांडला होता. माझ्याकडे पहिली पदवीच नव्हती, तेव्हा ते दार मला नव्हतंच. एडीएनवर नोकरी लागली आणि बीएसएन मी पगार घेत घेत ऑनलाइन केलं, निम्मा खर्च हॉस्पिटलने दिला. कर्ज काढून शिकायला मागे कोणाचातरी आधार लागतो, दादा.

माहेर_अकोला

एच-4 वर, म्हणजे एच-1बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्यांसाठी एक जोडते, कारण मला हे उशिरा कळलं. एच-4 वर शिकता येतं, त्यासाठी एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. पण शिकून झाल्यावर काम करायला ईएडी ही परवानगी लागते, आणि एच-4 वर ती 2015 पासून फक्त त्यांनाच, ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डाची आय-140 पायरी साधारणपणे पार पडलेली आहे. दोन वर्षं घाम गाळण्याआधी हे तपासा.

बाकी, एका खासगी कॉलेजाने मला लगेच जागा देऊ केली होती. फीचा आकडा पाहून थांबले. कोणी जाणार असेल तर त्या कॉलेजला आपल्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे का, एनक्लेक्सला किती पास होतात, एवढं बोर्डाच्या साइटवर बघूनच पैसे भरा. जानेवारी 2023 मध्ये फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांच्या साडेसात हजारांवर खोट्या डिप्लोमांचं प्रकरण बाहेर आलं होतं, ते विसरू नका.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण रत्नागिरीकर दादांचं वाचून बसून राहिले होते.

दादा, डिग्रीच्या गुणांबद्दल तुमचं खरं आहे. माझ्या बी.कॉम.चा नर्सिंगशी काय संबंध? त्याचे गुण देऊ नयेत, मला तोटा झाला तरी चालेल. पण सोडतीवर मी तुमच्याशी सहमत नाही. तुमच्या मुलीचं नाव माझ्याइतकंच मोठं होतं म्हणता, तसंच ते माझ्याइतकंच लहानही होतं. तिचे पंचवीस तासही त्या टोपलीत कोणी मोजले नाहीत. ते मोजले जावेत म्हणून मी भांडते आहे.

रातपाळी, आजोबांची गोष्ट मी नवऱ्याला वाचून दाखवली. तुमच्यासारखी बाई तक्त्यात मागे पडत असेल तर तक्ता चुकला आहे. रात्री कुशी बदलण्याला एका बीपेक्षा जास्त गुण हवेत. पण तो सुधारता येतो. सोडतीत सुधारायचं काय?

रातपाळी

ताई, तक्ता सुधारेपर्यंत माझ्यासारख्या किती जणी घरी बसतील? मिसळलेली पद्धत ठेवा: निम्म्या जागा गुणांवर, निम्म्या पात्र झालेल्यांच्या सोडतीतून. त्यावर मी सही करेन. सगळी सोडत बंद करायला नाही. आणि पॉइंटवाल्या कॉलेजांतही बरोबरी झाली की शेवटच्या जागांना बऱ्याच ठिकाणी चिठ्ठीच निघते, हे विचारून बघा.

सदाफुली

निघते, खरं आहे.

कोयनाकाठ, एक विचारायचं राहिलं. तीनही वेळा तुम्ही एकाच कॉलेजात अर्ज केलात का? ए आणि 88 घेऊन तुम्ही सोडतीच्याच दारात का थांबलात? तासाभराच्या अंतरात गुण लावणारी कॉलेजं असतील. शिवाय त्या कलमात इंग्रजीखेरीज येणाऱ्या भाषेचे गुण आहेत आणि उदाहरणांत भारतीय उपखंडातल्या भाषांचा स्पष्ट उल्लेख आहे. मराठी धरतात का, पुरावा कसला मागतात, हे प्रत्येक कॉलेजचं वेगळं, काउन्सेलरला ईमेल करून लेखी घ्या.

कोयनाकाठ

हो, एकाच. पोरांना तीन वाजता शाळेतून आणायला घरात दुसरं कोणी नाही, म्हणून जवळचं तेवढंच धरलं होतं. भाषेचं मला माहीतच नव्हतं. दहावी-बारावीला मराठी होती, गुणपत्रिका आईकडे कराडला लोखंडी कपाटात आहेत. उद्या तिला फोन करते. परदेशी शिक्षणाच्या मूल्यांकनाला मूळ प्रत पाठवावी लागते की दहावी-बारावीच्या बोर्डाकडून परस्पर सीलबंद मागवतात?

माहेर_अकोला

संस्थेवर आहे, पण माझ्याकडून परस्पर सीलबंद मागितलं होतं, त्याला दोन महिने गेले. कोर्स-बाय-कोर्स मूल्यांकन मागा, नुसतं पदवीचं घेऊ नका, त्यात विषय येत नाहीत. अर्जाची मुदत कधी आहे?

कोयनाकाठ

सर्वांत जवळच्या पॉइंटवाल्या कॉलेजची फेब्रुवारीअखेर. रातपाळी, तीन वाजताचं तुम्ही कसं जमवत होतात, ते सवडीने लिहाल का?

रातपाळी

आज रात्री ड्यूटी आहे, उद्या दुपारी उठले की लिहिते. शेजारच्या दोन आयांशी वार लावून घेतले होते, तिथून सुरू करते.