मदत हवी: पद्मिनी कमी वेगात पाय काढला की गचके देते (फोंडा)

नमस्कार मंडळी,

गाडी 1988 ची प्रीमियर पद्मिनी. 1089 सीसी, सोलेक्स कार्ब्युरेटर, स्टिअरिंगवरचा गिअर. वडिलांची गाडी. इंजिनाचं काम झालेलं आहे, तेल पीत नाही, चाळीसच्या वर काही तक्रार नाही.

त्रास हळू चालताना. तिसऱ्या गिअरमध्ये पंचवीसच्या आसपास ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, ब्रेकला हातही न लावता, की हिसके सुरू. फर्मागुडीचा उतार दुसऱ्यात उतरताना मागे बसलेल्या आईची मान डुलते. खालून खट्-खट् येतं आणि सायलेन्सर मधूनच फट् करतो. ॲक्सिलरेटर केसभर दाबून धरला की सगळं शांत. बाणस्तारीला गाड्या तुंबल्या की अर्धा वेळ क्लचवरच जातो.

सकाळी थंड गाडी काढताना चोक अर्धा ओढलेला असतो, तेव्हा मात्र असं होत नाही.

प्लग, पॉइंट, कंडेन्सर नवे. पॉइंटचा गॅप फीलर गेजने पाहिलाय, टायमिंगही. एक मेस्त्री म्हणतो कार्ब्युरेटर गेला, नवाच घाला. दुसऱ्याने खाली शिरून शाफ्ट हलवला आणि क्रॉस (शाफ्टचे सांधे) संपलेत, डिफरन्शियलही खोलावा लागेल म्हणाला. गाडी चालवून कोणीच पाहिली नाही. खर्चात पडण्याआधी घरच्या घरी काय तपासू?

जुनं लोखंड (म्हापसा):
चोकचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण सगळी गोम तिथेच आहे. चोक पेट्रोलचं प्रमाण वाढवतो; तो ओढल्यावर थांबतं म्हणजे एरवी पेट्रोल कमी आणि हवा जास्त होतेय. पाय काढला की थ्रॉटल (कार्ब्युरेटरमधली झडप) मिटतो, इंजिन फक्त पायलट जेटवर, म्हणजे आयडलसाठीच्या बारीक छिद्रातून येणाऱ्या पेट्रोलवर जगतं आणि मॅनिफोल्डमधला (कार्ब्युरेटर ते इंजिन नळीतला) व्हॅक्यूम सगळ्यात जास्त असतो. त्यामुळे कार्ब्युरेटरच्या बुडाशी गॅस्केट जरा जरी सुटलेलं असेल, तर हवा नेमकी त्याच वेळी आत शिरते. एखादा सिलिंडर पेटतो, पुढचा चुकतो. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं, तेच तुमचं फट्. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणजे जेट जुनाच ठेवला तर मिश्रण आणखी पातळ, हवेच्या मानाने इंधन कमी.

मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, हिसके चालू झाले की गिअर तसाच ठेवून इग्निशन बंद करा. किल्ली बाहेर काढू नका. हिसके थांबले तर दोष इंजिनाकडे. मग क्लच दाबून गाडी उभी करा आणि त्यानंतरच स्टार्ट करा. चालत्या गाडीत किल्ली फिरवलीत तर सायलेन्सरमध्ये साठलेलं पेट्रोल असा बार काढेल की शेजारचे बाहेर येतील.

दुसरं, इंजिन आयडलवर ठेवून कार्ब्युरेटरच्या बुडाशी कार्ब क्लीनरचा छोटा फवारा. रेस चढली तर तिथून हवा शिरतेय. एक्झॉस्ट तापलेला असताना हे करू नका, क्लीनर पेट घेतो.

डिचोलीकर:
दादांशी सहमत, पण दुसरा मेस्त्री अगदीच खोटा नसेल. क्रॉसमध्ये खेळ असला की इंजिनाचा प्रत्येक हिसका दुप्पट जाणवतो. न्यूट्रलला, चाकांना उटी लावून, शाफ्ट हाताने पिळून बघा. इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंगही (रबरी बैठका) बघा, रबर तेल पिऊन फुगलेलं असतं. आणि थ्रॉटलचा स्पिंडल (झडप फिरते ती दांडी) धरून हलवा. तो सैल असेल तर नवं गॅस्केट घालून उपयोग नाही, हवा स्पिंडलच्या कडेने येत राहणार.

मूळ प्रश्नकर्ता:
दोघांचंही देव बरें करूं. इग्निशन बंद केल्यावर हिसके गेले. पाय सोडताना खालून एकच खट् येतं, तेवढं राहिलं. क्रॉसला थोडा खेळ आहे, पण डिफरन्शियल खोलायची घाई आता करत नाही. गॅस्केटपाशी फवारा मारून काही फरक नाही, स्पिंडलपाशी मारला की रेस चढते. बोटाने हलवला तर चक्क वर-खाली होतो.

म्हणजे कार्ब्युरेटरच्या बॉडीला, स्पिंडलच्या भोकात, बुश (धातूच्या बारीक नळ्या) बसवायचे. फोंडा ते मडगाव पट्ट्यात लेथवर हे नीट करून देणारा कोणी माहीत आहे का? की जुनीच पण चांगली बॉडी शोधलेली बरी?