शब्दचर्चा : 'ब्रेकअप झालं' म्हणायचं, पण केलं कुणी?

आम्ही सोसायटीतल्या चौघीजणी शनिवारी रात्री मिळून काहीतरी बघतो. या वेळची निवड माझी, त्यामुळे ग्रुपवर दोन ओळींची ओळख टाकायचं कामही माझ्याच गळ्यात. मालिका 'क्वीनी'. ब्रिटनच्या चॅनल फोरवर जून २०२४ मध्ये आली, आठ छोटे भाग. कँडिस कार्टी-विल्यम्स यांनी आपल्याच २०१९च्या कादंबरीवरून ती उभी केली. क्वीनी जेन्किन्स पंचवीस वर्षांची, जमैकन घरातली, दक्षिण लंडनची. टॉम हा तिचा गोरा मित्र. तो म्हणतो, आपण ब्रेक घेऊ. ही बिचारी तो ब्रेक खराच धरून चालते.

मी लिहिलं : 'मानहानीकारक प्रेमभंगातून सावरणाऱ्या तरुणीची विनोदी कथा'. परत वाचलं आणि मलाच हसू आवरेना. 'मानहानीकारक'च्या पुढे 'पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा' एवढंच यायचं राहिलंय. आणि प्रेमभंग झालेला माणूस दाढी वाढवतो, खोकतो. क्वीनी कामावर जाते, नको त्या माणसांबरोबर नको तिथे जाते आणि मैत्रिणींना मेसेज करत राहते. साधा, बोलण्यातला शब्द सुचवा.

— सरळ 'ब्रेकअप' लिहा. कॉलेजातल्या पोरांपासून त्यांच्या आयांपर्यंत सगळ्यांना कळतो. ब्रेकअप 'झालं' की 'झाला', एवढाच काय तो वाद. आमच्याकडे झालं.

— झालं की झाला हा वाद मला दुय्यम वाटतो. खरी गंमत 'होणे' या क्रियापदात आहे. पाऊस झाला, उशीर झाला, ब्रेकअप झालं. कुणी केलं? कुणीच नाही! दोघं मांडवाखाली उभी होती आणि वरून पडलं, असा सूर. इंग्रजीत 'डम्प' म्हटलं की टाकणारा आणि टाकलेला दोघं वाक्यात हजर. मराठीत 'बिनसलं', 'फिस्कटलं', 'तुटलं', सगळी कर्ता लपवणारी. सभ्य आहेत, पण या गोष्टीला उपयोगाची नाहीत.

— कर्ता हवा असेल तर 'टाकली' आहे की.

— तो शब्द कृपा करून नको. मी नगर जिल्ह्यातली. 'टाकलेली' म्हणजे काय ते लहानपणी शेजारच्या घरात पाहिलंय. नवरा नांदवत नाही म्हणून माहेरी परत आलेली, आणि मग उरलेलं आयुष्य तेवढंच तिचं नाव. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, त्यामागे अशाच बायका होत्या. शिवाय शब्द एकाच बाजूचा आहे. 'टाकलेला नवरा' कधी ऐकलाय? क्वीनीचं दुःख खरं असेल, पण तिला पगार आहे, भाड्याची का होईना खोली आहे. तिच्यावर हा शब्द चढवला तर दोघींवरही अन्याय.

— वरच्या प्रतिसादाशी सहमत. 'काडीमोड', 'सोडचिठ्ठी', 'फारकत' यांचंही तेच, आधी लग्न लागतं. लग्नाशिवाय जोडलेलं तुटण्याची सोय जुन्या शब्दांत नाहीच.

— जरा अवांतर. आमचं आयुष्य कोर्टात गेलं म्हणून लिहितो. ताई, तुम्ही 'मानहानी'ला कोर्टातला शब्द म्हणून हसलात, पण विलायतेत ही भानगड खरोखरच कोर्टात जायची. लग्नाचं वचन देऊन मोडलं तर भरपाईचा दावा लावता येत असे, आणि असे दावे बहुतेक बायकाच लावत. इंग्लंडमध्ये १९७०च्या कायद्याने तो हक्क संपवला. तुमचा टॉम पन्नास-साठ वर्षं आधी जन्मला असता आणि लग्नाचं बोलून बसला असता, तर 'ब्रेक' म्हणताना दोनदा विचार केला असता.

— काका, हे भारीच. मी बारा वर्षं लंडनला आहे. इथे 'डम्प' चालतंच, पण जुनी माणसं 'चक' म्हणतात. 'शी चक्ड हिम', म्हणजे भिरकावूनच दिला! त्याला आपलं 'डच्चू दिला' किंवा 'नारळ दिला' अगदी फिट बसतं. आणि एक गोष्ट अनुवादात हमखास सांडेल. कादंबरीत क्वीनीच्या मैत्रिणींच्या ग्रुपचं नाव 'द कॉर्गीज' आहे, इंग्लंडच्या राणीच्या कुत्र्यांवरून. क्वीनी म्हणजे राणी, म्हणून भोवती कॉर्गी. मराठीत याचं काय करायचं ते मलाही सुचलेलं नाही.

— डच्चू संघातून आणि मंत्रिमंडळातून मिळतो, नारळ नोकरीतून. प्रियकराकडून मिळाला तर वाचणारा हसेल, तिच्यासाठी हळहळणार नाही.

— मग 'पोपट झाला'? 😀

— हसू नका, पोपट बराच जवळचा आहे. पोपट व्हायला दोन गोष्टी लागतात : आधी बांधलेली आशा आणि समोर बघणारी माणसं. एकटीचा पोपट होत नाही. क्वीनी जगाला सांगत सुटते की हा ब्रेक आहे, तो परत येणार. तो येत नाही. दोन्ही अटी पूर्ण. फक्त पोपट अर्ध्या तासात विसरला जातो, हिला कित्येक महिने लागतात. 'पचका'चंही तेच. 'शोभा झाली' म्हटलं तर अख्खं घराणं मध्ये येतं.

— 'तोंडघशी पाडलं'. इतका वेळ कुणालाच कसं आठवलं नाही? ज्याच्या भरवशावर चारचौघांत बोललो त्यानेच ऐन वेळी हात काढला, म्हणजे तोंडघशी पाडलं. भरवसा आहे, लाज आहे आणि 'पाडलं' म्हटल्यामुळे पाडणाराही आहे. बाईला लागतो, पुरुषाला लागतो, कपाळावर शिक्का बसत नाही.

— पण हा शब्द वर्तमानपत्रांनी पळवलाय. 'सरकार तोंडघशी'. प्रेमात वापरलेला मी तरी ऐकला नाही.

— माझी आई वापरायची. मावशीचं ठरलेलं लग्न मुलाकडच्यांनी पत्रिका छापल्यावर मोडलं. आई ते सांगताना 'लग्न मोडलं' म्हणायची नाही. 'मेल्यांनी तोंडघशी पाडलं गं आम्हाला' म्हणायची. 'आम्हाला', बरं का. मावशी एकटी पडली नव्हती.

— (मूळ प्रश्न माझाच.) सगळ्यांचे आभार. ग्रुपवर टाकलं ते असं : 'टॉम म्हणाला ब्रेक घेऊ. क्वीनीला तो ब्रेकच वाटला. त्याने तिला तोंडघशी पाडल्यावर ती आधी आणखी चार खड्ड्यांत पडते, मग उठते. हसाल, पण रुमाल ठेवा.' ब्रेक तसाच ठेवला, कारण 'विश्रांती' किंवा 'थोडं थांबू' म्हटलं असतं तर तिची गफलत कळलीच नसती. आपल्याकडेही 'एक छोटासा ब्रेक' म्हटलं की कार्यक्रम परत सुरू होणार असंच आपण धरतो. तळमजल्यावरच्या काकूंचा लगेच मेसेज : 'लग्न झालेलं का त्यांचं?'