मदत हवी आहे : तांब्याच्या निळ्या स्फटिकांतल्या एकट्या इलेक्ट्रॉनचा प्रश्न

नमस्कार मंडळी, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला टेट्राअमाइनकॉपर सल्फेट (तांब्याभोवती अमोनियाचे चार रेणू असलेला क्षार) केलं. ५ ग्रॅम मोरचूद थोड्या पाण्यात विरघळवून अमोनिया घालत गेले. आधी फिकट निळा गाळ आला, मग तो विरघळून अख्खं बीकर गर्द निळं झालं. वरून हळूहळू अल्कोहोल ओतल्यावर सुयांसारखे स्फटिक खाली बसले. इतका सुंदर रंग मी प्रयोगशाळेत आजवर पाहिला नव्हता! ४.९२ ग्रॅम मिळायला हवे होते, ४.१ मिळाले.

खरी अडचण रचनेची आहे. आमच्या नोट्समध्ये डीएसपी२ संकरण (एक डी, एक एस आणि दोन पी ऑर्बिटल मिसळून बंधांसाठी चार सारखी ऑर्बिटल) दिलंय. चार नायट्रोजन एका प्रतलात, हे पटतं. पण तांब्याच्या डी९ मधला (डी ऑर्बिटलांतल्या नऊ इलेक्ट्रॉनांपैकी) जोडी नसलेला एकटा इलेक्ट्रॉन त्यासाठी वरच्या ४पी ऑर्बिटलमध्ये ढकललाय. तो तिथे असता तर सहज निघून जाऊन तांबं +३ व्हायला हवं ना? तसं होत नाही, आणि ईएसआरमध्येही (एकट्या इलेक्ट्रॉनचा वेध घेणारी चाचणी) तो डी ऑर्बिटलमध्येच दिसतो. चुंबकीय आघूर्ण काढून उपयोग नाही, कारण इलेक्ट्रॉन कुठेही असला तरी एकटाच, म्हणजे स्पिन-ओन्ली (फक्त इलेक्ट्रॉनच्या स्पिनवरून काढलेलं) १.७३ बोर मॅग्नेटॉनच.

यान-टेलर विकृतीने (इलेक्ट्रॉनांच्या असमान मांडणीमुळे रचना एका अक्षावर लांबणे) ताणलेला अष्टफलक धरून, म्हणजे पाण्याचा रेणू लांबच्या अक्षावर ठेवून, क्रिस्टल फील्डने (भोवतीच्या रेणूंमुळे डी ऑर्बिटलांच्या ऊर्जा वेगळ्या होतात हा सिद्धांत) मांडणी केली तर चालेल का? तोंडीला कोणत्या क्रमाने सांगू?

आणखी एक. वॉच ग्लासवर उघडे ठेवलेले स्फटिक दोन दिवसांत कडेने फिकट झालेत, अमोनियाचा वासही येतोय. घट्ट बुचाच्या बाटलीत अमोनियाचा एक थेंब ठेवला तर टिकतील का?