आबादेचा शरबताचा चमचा: सांधा हलतोय, तेल लावू का?

प्रश्न: काजार राजघराण्याच्या काळातला (१८वं शतक संपता संपता ते १९२५) इराणी लाकडी चमचा आहे. दांडा जाळीदार. वाटीला बारीक चीर, दांड्याचा सांधा सैल. जवसाचं तेल लावून शरबताला वापरता येईल का?

उत्तर १: वापरू नका. इराणमधल्या इस्फहान-शिराझ वाटेवरच्या आबादे गावचं हे काम बहुधा नासपतीच्या लाकडात असतं. वाटी इतकी पातळ कोरतात की उजेड आरपार दिसतो. एवढं पातळ लाकूड भिजलं की फुगतं, वाळताना लाकडाच्या रेषांच्या (तंतूंच्या) आडव्या दिशेने आक्रसतं आणि रेषेवरच चिरतं. तेलही नको. जवसाचं तेल काळपट पडतं, जाळीत धूळ धरतं, शिवाय नंतर सांधा जोडायचा सरस (जनावरांपासूनचा गोंद) नीट चिकटत नाही.

उत्तर २: दांडा वेगळा कोरून वाटीला जोडलेला असतो, म्हणून सांधा आधी सुटतो. झटपट चिकटणारा गोंद टाळा, तो पुन्हा सोडवणं फार अवघड जातं. जनावरी सरस पातळ करून सुईच्या टोकाने थेंबभर सोडा, सुती दोऱ्याने हलकं बांधा, २४ तास हलवू नका. चीर दाबून मिटवायला जाल तर वाटीच मोडेल. ती तशीच राहू द्या. धूळ कोरड्या मऊ ब्रशने, जाळीला आधार देऊन.

उत्तर ३: आणि एसीच्या झोतात ठेवू नका. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर असलेली बरी.