इन्टू द वुड्स: दुसरा अंक, ती गाय आणि जगभरातले वेगवेगळे प्रयोग

मध्यंतरानंतर
परवा इन्टू द वुड्सचं, म्हणजे सिंड्रेला, रपुन्झेल, जॅक अशा परीकथांतल्या माणसांना एकाच जंगलात आणणाऱ्या त्या अमेरिकन म्युझिकलचं, मूळ ब्रॉडवे (न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी) संचाचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा पूर्ण बघितलं, ते १९८९ मध्ये शूट करून १९९१ ला अमेरिकन टीव्हीवर दाखवलेलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. पहिला अंक संपला तेव्हा वाटलं झालं की नाटक. बेकर (पाववाला) आणि त्याच्या बायकोने तीन मध्यरात्रींच्या आत चारही वस्तू जमवल्या, दुधासारखी पांढरी गाय, रक्तासारखा लाल झगा, मक्यासारखे पिवळे केस आणि सोन्याचा बूट, चेटकिणीने दिलेला मूल न होण्याचा शाप उतरला, सिंड्रेलाला राजपुत्र मिळाला, सगळे गातायत. आणि मग दुसऱ्या अंकात मेलेल्या राक्षसाची बायको खाली येते आणि एकेक माणूस मरायला लागतं. मी अक्षरशः सुन्न झाले.

आमच्या ग्रुपमध्ये यावर जोरात वाद चालू आहे, काहीजण म्हणतात पहिला अंकच पुरेसा होता, दुसरा उगाच जोडल्यासारखा वाटतो. मला अजिबात नाही पटत. पण मी एकच प्रयोग बघितलाय, म्हणून इथे विचारते, इतर देशांत, इतर दिग्दर्शकांनी हा दुसरा अंक कसा पेलला? काही बदललं का? आणि ती गाय सगळीकडे अशी लाकडासारखी निर्जीवच असते का?

विंगेतून
छान विषय काढलास. सुरुवातीपासून सांगतो, कारण दुसरा अंक जमवायला खुद्द लिहिणाऱ्यांनाही वेळ लागला होता. स्टीफन सॉन्डहाइमची गाणी-संगीत, संहिता आणि दिग्दर्शन जेम्स लॅपाइनचं. ब्रॉडवेच्या आधी डिसेंबर १९८६ मध्ये सॅन डिएगोच्या ओल्ड ग्लोब थिएटरमध्ये प्रयोग झाले, तिथे चेटकीण एलन फोली होती, बर्नाडेट पीटर्स नंतर आली. बेकर आणि त्याची बायको मात्र तेव्हापासून तेच, चिप झीन आणि जोआना ग्लीसन. तू रेकॉर्डिंगमध्ये ऐकलेलं चेटकिणीचं ‘लास्ट मिडनाइट’ आधी नव्हतंच, त्या जागी दुसरंच गाणं होतं, ते काढून हे आणलं. म्हणजे जिथे चेटकीण सगळ्यांना तोंडावर सुनावते की तुम्ही फक्त एकमेकांवर ढकलताय, तो क्षण उशिरा सापडलेला आहे! माझ्या मते अख्खा दुसरा अंक त्या गाण्यावर उभा आहे.

ब्रॉडवेला ५ नोव्हेंबर १९८७ ला मार्टिन बेक थिएटरमध्ये लागलं आणि सप्टेंबर १९८९ पर्यंत चाललं, साडेसातशेच्या वर प्रयोग. १९८८ च्या टोनीला (अमेरिकन नाटकांची मोठी पारितोषिकं) संगीत आणि संहिता दोन्ही याला मिळाली, ग्लीसनला अभिनेत्रीचं, पण सर्वोत्कृष्ट म्युझिकल ‘द फॅन्टम ऑफ द ऑपेरा’ने नेलं. आणि तो काळ लक्षात घे, न्यूयॉर्कमध्ये एड्सने नाटकवाल्यांची माणसं पटापट जात होती. त्यामुळे कुठूनतरी संकट येतं, चांगले-वाईट न बघता माणसं मरतात आणि उरलेले दोष कुणाचा यावर भांडत बसतात, हे बघून अनेकांना तेच आठवलं. दुसरा अंक उगाच जोडलाय म्हणणाऱ्यांना हे सांग.

तिसरी_घंटा
लंडनबद्दल मी लिहिते. तिथे सप्टेंबर १९९० मध्ये फिनिक्स थिएटरला आलं, दिग्दर्शक रिचर्ड जोन्स, म्हणजे ब्रॉडवेचीच कॉपी उचलून आणली असं नाही, प्रयोग नव्याने बांधला. चेटकीण ज्युलिया मॅकेन्झी आणि बेकरची बायको इमेल्डा स्टाँटन, तिला त्यासाठी ऑलिव्हिए (लंडनच्या नाटकांचं मोठं पारितोषिक) मिळालं. या प्रयोगासाठी एक नवीन गाणं लिहिलं गेलं, ‘अवर लिटल वर्ल्ड’, चेटकीण तिने मनोऱ्यात कोंडलेल्या रपुन्झेलचे केस विंचरताना दोघी गातात ते. गाणं छोटं आहे, पण त्याने फरक केवढा पडतो बघ, आधी चेटकीण ही मुलीला कोंडून ठेवणारी बाई, या गाण्यानंतर ती आई होते, आणि मग दुसऱ्या अंकात रपुन्झेल राक्षशिणीच्या पायाखाली जाते तेव्हा चेटकिणीचं कोसळणं आपल्याला खरंखुरं लागतं. प्रयोग मात्र फार नाही चालला, फेब्रुवारी १९९१ ला बंद.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो २०१० चा रीजंट्स पार्कचा, खुल्या नाट्यगृहातला, टिमथी शीडरने केलेला. तिथे खरीखुरी झाडं, खरा अंधार पडत जाणार, पहिला अंक उजेडात आणि दुसरा रात्रीत. आणि सूत्रधार कोण, तर बापाशी भांडून घरातून पळालेला एक लहान मुलगा! मूळ प्रयोगात सूत्रधार सूट घातलेला मोठा माणूस असतो आणि तोच नट बेकरच्या पळून गेलेल्या बापाचं काम करतो. म्हणजे तिथे बाप सोडून गेलाय आणि इथे पोरगं सोडून आलंय, गोष्ट तीच पण दुसऱ्या टोकाने धरलेली. राक्षशिणीला सूत्रधारच देऊन टाकू असं सगळे ठरवतात तेव्हा समोर पोर उभं आहे, हे आठवूनही अंगावर काटा येतो. राक्षशिणीचा आवाज जूडी डेंचचा, रेकॉर्ड केलेला. २०११ चं ऑलिव्हिए याला मिळालं, पुनरुज्जीवित म्युझिकलचं.

हाच प्रयोग पुढे २०१२ ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये डेलाकोर्ट या खुल्या नाट्यगृहाला गेला, एमी अ‍ॅडम्स बेकरची बायको आणि डॉना मर्फी चेटकीण, आणि तिथे राक्षशिणीचा आवाज ग्लेन क्लोजचा.

नेपथ्यवेडा
गाईबद्दल कुणीच बोलेना म्हणून आलो 🙂 माझं प्रामाणिक मत आहे की हे नाटक कुठल्या दिग्दर्शकाने कसं वाचलंय ते आधी गाईवरून कळतं.

नीट बघा, गाईला काम किती आहे. तिचा मालक असलेल्या गरीब पोराचा, जॅकचा जीव तिच्यावर, तिला विकताना तो रडतो, ती मरते, चेटकीण तिला परत जिवंत करते, मग तिला झगा, बूट, केस सगळं स्टेजवर खायला घालायचं आणि वर तिने दूध द्यायचं. ते केसही आधी चालत नाहीत, कारण रपुन्झेलच्या केसांना चेटकिणीचा हात लागलेला, मग कणसाच्या केसांवर भागवायचं. १९८७ ला हे सगळं त्या पुतळ्यावर निभावलं आणि त्यात मजा होती, कारण जॅक सोडून बाकी सगळ्यांसाठी ती नुसती वस्तूच आहे ना.

२००२ ला लॅपाइननेच ब्रॉडवेला ब्रॉडहर्स्ट थिएटरमध्ये परत केलं, व्हनेसा विल्यम्स चेटकीण, तेव्हा गाईच्या आत चक्क नट घातला, चॅड किंबॉल. ती नाचायची, मान हलवायची. लांडगे एकाचे दोन केले, तीन डुकरं आणली, लंडनचं ते नवीन गाणंही घेतलं. टोनी मिळालं पुनरुज्जीवनाचं, पण वर्ष संपायच्या आत बंद झालं. मला हा प्रयोग जरा भरगच्च वाटतो, डुकरांची काही गरज नव्हती, जंगलात आधीच गर्दी आहे.

मग फियास्को नावाच्या छोट्या मंडळीने केलं, २०१३ ला प्रिन्स्टनच्या मॅकार्टर थिएटरमध्ये, पुढे न्यूयॉर्क आणि २०१६ ला लंडनच्या मेनिए चॉकलेट फॅक्टरी या नाट्यगृहात. दहाएक नट, एक पियानो, बस. वाद्यवृंद नाही, भपका नाही. गाय कोण? एक दाढीवाला नट, गळ्यात घंटा, झालं. तोच नट सिंड्रेलाची सावत्र बहीण आणि रपुन्झेलचा राजपुत्रही! नेपथ्यावर जीव असूनही सांगतो, कमी साधनांत ही गोष्ट जास्त खोल जाते, कारण नट समोर बसून ‘समजा ही गाय’ म्हणतात आणि आपण खरंच समजतो.

मध्यंतरानंतर
बापरे, इतकं असेल वाटलं नव्हतं. ‘अवर लिटल वर्ल्ड’ लगेच ऐकलं, तिसरी_घंटा तू म्हणतेस ते अगदी पटलं. इंग्लिश सोडून इतर ठिकाणी झालंय का? सॉन्डहाइमचे ते यमक-अनुप्रास दुसऱ्या भाषेत कसे आणत असतील?

विंगेतून
झालंय की. टोकियोत २००४ ला न्यू नॅशनल थिएटरमध्ये आमोन मियामोतोने जपानीत केलं. हा माणूस सॉन्डहाइमच्या कामात मुरलेला, त्याचं जपानीतलं पॅसिफिक ओव्हर्चर्स तर अमेरिकेपर्यंत गेलं. पॅरिसला २०१४ मध्ये शातले नाट्यगृहात झालं, मात्र इंग्लिशमध्येच, तिथे ती मंडळी सॉन्डहाइमची एकामागोमाग एक म्युझिकल्स करत होती.

भाषांतराचं म्हणशील तर अडचण यमकापेक्षा वेगाची आहे असं मला वाटतं. सुरुवातीचं पात्रपरिचयाचं लांबलचक गाणं घे, तीन-चार घरांतल्या गोष्टी एकमेकांत ओवल्यात आणि एकेका सुराला एकेक अक्षर बसवलंय, तिथे लांब शब्दांची भाषा आली की श्वास पुरत नाही. पण गोष्टी जगभर माहितीच्या, त्यामुळे प्रेक्षकाला सिंड्रेला कोण हे सांगावं लागत नाही, तो फायदा मोठा.

आणि २०१४ च्या सिनेमावरून मत बनवू नका. सूत्रधार वेगळा नाहीच, बेकरचाच आवाज गोष्ट सांगतो, म्हणजे त्याला राक्षशिणीपुढे ढकलायचा प्रसंगच गेला, आणि रपुन्झेल मरत नाही, राजपुत्रासोबत निघून जाते. पहिला अंक पुरेसा म्हणणाऱ्यांना तो आवडेल कदाचित. शाळांसाठी ज्युनिअर आवृत्ती आहे तीही पहिल्या अंकावरच थांबते, लहान मुलांसाठी ते ठीकच आहे.

नेपथ्यवेडा
२०२२ राहिलं! सॉन्डहाइम नोव्हेंबर २०२१ मध्ये गेला आणि पुढच्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरमध्ये लीअर डेबेसोनेने हे केलं, थोड्या दिवसांपुरतंच होतं, पण लोकांनी असं डोक्यावर घेतलं की जुलैत सेंट जेम्स थिएटरला ब्रॉडवेवर आलं आणि जानेवारी २०२३ पर्यंत चाललं. वाद्यवृंद स्टेजवरच, नेपथ्य म्हणजे वरून सोडलेले झाडांचे बुंधे, राक्षशीण म्हणजे फक्त अवाढव्य बूट. आणि गाय! जेम्स ऑर्टिझने केलेली बाहुली, हाडं दिसतील अशी सुकलेली, आणि चालवणारा केनेडी कानागावा तिच्यासोबत सगळ्यांना दिसेल असा उभा, त्याच्याही चेहऱ्यावर तेच भाव. गाय उदास झाली की तोही उदास, ती खोकली की तोही वाकणार. जॅकचं प्रेम पहिल्यांदाच एकतर्फी वाटत नाही, गायही त्याच्याकडे बघत असते.

कोविडमध्ये दीड वर्ष बंद राहिलेल्या थिएटरांमध्ये लोक परत आले होते, जवळपास प्रत्येकाने कुणीतरी गमावलं होतं, आणि शेवटी उरलेली चार माणसं ‘नो वन इज अलोन’ गातात. १९८७ ला लोकांनी त्यात जे ऐकलं तेच परत ऐकलं असणार.

तिसरी_घंटा
मध्यंतरानंतर, तुझ्या ग्रुपमधल्यांना २०२२ चा अल्बम ऐकायला लाव, त्याला ग्रॅमी मिळालंय. बेकरच्या बायकोचं सारा बरेलिसचं ‘मोमेंट्स इन द वुड्स’ ऐकव आणि लगेच सांग की हे गाणं संपल्या संपल्या तिचं काय होतं. मग विचार दुसरा अंक काढून टाकायचा का.

मध्यंतरानंतर
आज रात्रीच ऐकवते. ग्रुप कॉल ठेवलाय.