मदत हवी आहे: पेंग की मळमळ, कॅमेऱ्याला कसं कळणार?
स्थिर, म्हणजे जागचा न हलणाऱ्या ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर चालकाची पेंग ओळखण्याचा प्रयोग करतोय. एकूण वेळेपैकी किती टक्के वेळ पापणी किमान ८० टक्के मिटलेली राहते ते, म्हणजे पर्क्लॉस, कॅमेऱ्याने मोजतो. सोबत दर पाच मिनिटांनी कॅरोलिन्स्का मापनावर, म्हणजे स्वतःला किती झोप येतेय ते सांगायच्या मापनावर, १ (अगदी जागा) ते ९ (खूप झोप) मधला आकडा विचारतो. (विचारलं की पेंगणारा खडबडून जागा होतो, तो ताप वेगळाच!)

खरी अडचण वळणांवर आहे. डोळ्यांना गती दिसते, शरीराला जाणवत नाही. काहींना मळमळतं आणि ते डोळे मिटून घेतात. कॅमेरा त्यालाच झोप समजतो. रस्ता सरळ ठेवला तर मळमळ कमी होते, पण मग नुसता कंटाळाच मोजतोय की काय अशी शंका येते.

असा प्रयोग केला असेल तर पेंग आणि मळमळ वेगळी कशी काढलीत? स्टीअरिंगच्या हालचालींची नोंद जोडून फरक पडतो का?